दलित घरातले छायाचित्र : मान, वेदना आणि रोजचा दिवस

१

दलित साहित्याने मराठी वाङ्मयाला जे काही दिले त्यात रोजच्या जगण्याचा तपशील ही फार मोठी देणगी आहे, हे आता चळवळीचे विरोधकही नाकारत नाहीत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जळमाची चित्तरकथा’ ही दोन्ही आत्मकथने १९८६ साली पुस्तकरूपाने आली. चूल, पाणी, बाळंतपण, अंगावरचे लुगडे, सणाच्या दिवशी वाट्याला आलेला तुकडा, हे सारे या लेखकांनी साहित्याच्या मध्यभागी आणून ठेवले. तोपर्यंत मराठी साहित्यात घर म्हणजे पांढरपेशा माणसाचे घर. आमचे घर म्हणजे गावाबाहेरची एक अंधुक रेषा. ती रेषा पुसून तेथे प्रत्यक्ष घर उभे करण्याचे काम आत्मकथनांनी केले.

हे मान्य केल्यावर एक प्रश्न उरतो. शब्दाने जे केले ते छायाचित्राने केले आहे काय? शांताबाईंनी आपल्या पुस्तकाच्या नावात ‘चित्तर’ हा शब्द घातला. त्यात चित्रही आहे आणि विचित्रही आहे. परंतु ज्या पिढीची ही कथा त्या पिढीचे प्रत्यक्ष चित्र आमच्या घरांत किती आढळते? आज छायाचित्र ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळची कला झाली आहे. तिला संपादक लागत नाही, प्रकाशक लागत नाही, साहित्य संमेलनाचे व्यासपीठ लागत नाही. तरीही माझे उत्तर नकारार्थी आहे. आमच्या घरांत छायाचित्रे पुष्कळ आहेत, पण त्यांत रोजचा दिवस नाही. हा अभाव कशामुळे निर्माण झाला, त्याने आमचे काय नुकसान होते आणि तो भरून कसा काढता येईल, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

२

विचारासाठी मी एक ठरावीक प्रदेश समोर ठेवतो. कल्याणहून कर्जतकडे निघाले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी स्थानके लागतात. या प्रदेशातली बहुसंख्य माणसे कोठून तरी उठून आलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याण कँपचे उल्हासनगर झाले. आजही येथला माणूस पत्ता सांगताना ‘कँप चार’, ‘कँप पाच’ असेच सांगतो. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. पण तेथे माणसे आली ती कारखान्यांसाठी. आगपेट्यांचा विमको, संरक्षण खात्याचा आयुध कारखाना, रासायनिक कारखाने यांनी माणसे ओढून आणली. बदलापूर त्यामानाने अलीकडे फुगले; मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथपर्यंत सरकत आलेल्यांचे ते गाव आहे.

या लोंढ्यांत मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण आणि देशावरून आलेली दलित, बौद्ध कुटुंबेही होती. त्यांच्यात आणि शेजारच्या सिंधी कुटुंबांत एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. सिंधी माणसाला सोडून आलेल्या घराची ओढ होती. एखादे जुने छायाचित्र हाती लागले तर तो ते जिवापाड जपणार. आमच्या माणसाने गाव सोडले ते बहुधा सुटका म्हणून. महारवाड्याचे, मांगवाड्याचे चित्र जवळ बाळगावे असे त्याला वाटत नव्हते, आणि काढावे म्हटले तरी काढणार कोण? म्हणून आमच्या कुटुंबांच्या स्मृतीत गावाकडचा काळ चित्राविना आहे आणि शहरातला काळ बाशिंगापासून सुरू होतो.

येथल्या कोणत्याही वस्तीत जाऊन दहा घरांच्या भिंती पाहाव्यात. बुद्धाची प्रतिमा, बाबासाहेबांची तसबीर, बहुतेक ठिकाणी रमाई, काही ठिकाणी जोतीराव आणि सावित्रीबाई. त्यांच्या खाली घरातल्या गेलेल्या माणसाचे हार घातलेले छायाचित्र. ते अनेकदा एखाद्या ओळखपत्रावरून मोठे करून घेतलेले असते, म्हणून चेहरा थोडा फुटलेला असतो. मग लग्नातले जोडपे, पदवीचा झगा घातलेला मुलगा किंवा मुलगी. म्हणजे भिंतीवर महापुरुष आहेत, मृत आहेत आणि समारंभ आहेत. सकाळी पाचची लोकल पकडण्यासाठी चार वाजता उठून डबा करणारी बाई तेथे नाही. जीन्सचे शिवलेले कपडे घरी आणून त्यांचे सुटे धागे कापत बसलेल्या मायलेकी तेथे नाहीत. रात्रपाळी करून आलेला आणि भरदुपारी तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेला बाप तेथे नाही. ज्यांच्या श्रमावर ते घर उभे आहे त्यांचा दिवस भिंतीवरही नाही आणि अल्बममध्येही नाही.

३

याचे कारण शोधताना कॅमेरा आमच्याकडे कोणकोणत्या वाटांनी आला ते पाहावे लागते. माझ्या मते त्या वाटा तीन.

पहिली वाट नमुन्याची आणि पुराव्याची. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींची छायाचित्रे दोन खंडांत, १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केली. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. या ग्रंथांत माणूस असतो, पण तो जातीचा नमुना म्हणून असतो. त्याला नाव बहुधा नसतेच, जात मात्र असते. हाच डोळा पुढे सरकारी कामात उतरला. मुंबईत १९७६ साली झोपड्यांची गणना झाली आणि झोपडीधारकांना फोटोपास मिळाले. त्या फोटोपासाची किंमत मी कमी लेखत नाही. त्याने पुष्कळांचे छप्पर वाचले. पण पुष्कळ कुटुंबांच्या संग्रहातले सर्वांत जुने छायाचित्र कोणते, तर तुम्ही येथे राहता हे सिद्ध करण्यासाठी काढलेले, ही गोष्ट बोलकी आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी सरकार काळ्या माणसाला पासबुक बाळगायला लावी. त्या पासांच्या छायाचित्रांसाठी पोलरॉइडचे तंत्र वापरले जाते हे कळताच कंपनीतल्याच काळ्या कामगारांनी १९७० साली अमेरिकेत आवाज उठवला आणि १९७७ साली कंपनीला तो देश सोडावा लागला. छायाचित्र कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, हा राजकीय प्रश्न आहे, हे त्या कामगारांनी ओळखले होते.

दुसरी वाट मानाची. ती स्टुडिओतून गेली. रंगवलेला पडदा, कुंडी, खुर्ची, खिशाला पेन, कधी स्टुडिओवाल्याचाच कोट. आज आपली तरुण मुले त्या छायाचित्रांना हसतात. हे हसणे उथळ आहे. ज्यांच्या आजोबाला गावात कोरे धोतर नेसून पाटलाच्या दारावरून जाण्याची चोरी होती, त्याने कोट घालून खुर्चीवर बसावे आणि सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात पाहावे, ही साधी हौस नव्हती. तो एक दावा होता. परंतु या छायाचित्राला खर्चाची मर्यादा होती. पुढे ज्यांच्या घरी आग्फाचा ‘क्लिक थ्री’ आला त्यांनाही एका रोलमध्ये बाराच छायाचित्रे मिळत. शिवाय धुलाई आणि छपाईचा खर्च वेगळा. बारापैकी एक छायाचित्र भाजी चिरणाऱ्या आईवर कोण खर्च करणार? म्हणून कॅमेरा बारसे, लग्न, जयंती आणि सहल यांसाठी राखून ठेवला गेला. छायाचित्र म्हणजे नटणे, ताठ उभे राहणे आणि थांबणे, ही आमची अभिरुची दारिद्र्यातून घडली. आता रोल गेला, खर्च गेला, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आला. अभिरुची मात्र जुनीच राहिली.

तिसरी वाट वेदनेची. वर्तमानपत्रांचा कॅमेरा आमच्या वस्तीत येतो तो जाळपोळ, बलात्कार, खून किंवा पूर असेल तेव्हा. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्यांच्या मृतदेहांची छायाचित्रे कार्यकर्त्यांत हातोहात फिरली आणि त्यांनी झोपलेला महाराष्ट्र हलवला, हे खरे आहे. परंतु ते कुटुंब जिवंत असताना कसे दिसत होते, हे त्या छायाचित्रांनी पेटून उठलेल्या किती जणांना सांगता येईल? त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, बाबासाहेबांच्या पुतळ्याची कानपूरमध्ये विटंबना झाल्यानंतर, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. देशभर उल्हासनगर पोहोचले ते जळत्या गाडीचे नाव म्हणून. तो संताप जेथून आला त्या वस्तीतल्या घरांत आदल्या दिवशी काय चालले होते, हे कोणी दाखवले नाही, कारण आदल्या दिवशी तेथे कॅमेरा नव्हता.

अपवाद नाहीत असे नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेले काम मोलाचे आहे. शहराने ज्यांच्याकडे पाहायचे टाळले त्यांच्याकडे त्यांनी शहराला पाहायला लावले. पण एका छायाचित्रकाराने साऱ्या समाजाचा रोजचा दिवस टिपावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते काम ज्याचे त्याच्या घरातच होऊ शकते.

४

येथे कार्यकर्ते एक आक्षेप घेतील आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अत्याचार थांबलेले नाहीत, नोकऱ्या कंत्राटी झाल्या आहेत, शिष्यवृत्त्या अडतात. अशा वेळी आई भाकरी थापते त्याचे छायाचित्र काढत बसणे ही मध्यमवर्गीय करमणूक नव्हे काय? घरगुती छायाचित्रात विद्रोह कोठे आहे?

याचे उत्तर महाडला मिळते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे घडले त्यातली कृती कोणती होती? पाणी पिणे. माणसाच्या दिवसातली याहून साधी कृती नाही. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावेत, घर आणि मुले स्वच्छ कशी ठेवावीत याविषयी. जातिव्यवस्थेने आमच्यावर जी बंधने घातली ती आमच्या रोजच्या दिवसावर घातली होती. कोणत्या धातूचे भांडे वापरावे, काय नेसावे, कोठून चालावे, कोणते पाणी प्यावे, काय खावे, हे सारे तिने ठरवून टाकले होते. म्हणून रोजचा दिवस स्वतःच्या मनासारखा जगणे हाच या लढ्याचा विजय आहे. स्वतःच्या नळाखाली स्टीलची कळशी भरणाऱ्या बाईचे छायाचित्र चवदार तळ्याच्या पुढच्या पानावर चिकटवण्याचे छायाचित्र आहे. ते तिच्या नातीला कळावे असे वाटत असेल, तर आज कोणीतरी ते काढले पाहिजे.

दुसरे उत्तर राजगृहात आहे. फेब्रुवारी १९३४ मधले एक छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. त्यात बाबासाहेब आहेत, रमाबाई आहेत, मुलगा यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव आहेत आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे. बाबासाहेबांची असंख्य छायाचित्रे आपण पूजतो. गोलमेज परिषदेतले बाबासाहेब, घटना समितीतले बाबासाहेब, नागपूरला दीक्षा घेणारे बाबासाहेब. परंतु या एकाच छायाचित्राजवळ सामान्य माणूस थोडा रेंगाळतो. हे घर आहे, त्यात नाती आहेत, पाळलेला जीव आहे, हे त्याला ओळखीचे वाटते. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाबाई गेल्या. ते छायाचित्र त्या दिवशी कोणी काढले नसते तर ‘रमाई’ या शब्दामागचा त्या घरातला एक दिवस आपल्या हाती राहिला नसता. विद्रोहाला घर असते, आणि ज्याला घर दाखवता येत नाही त्याचा विद्रोह परक्यांना केवळ राग वाटतो.

५

या बाबतीत निग्रो चळवळीचा, म्हणजे आजच्या भाषेत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चळवळीचा, अनुभव आपल्याला उपयोगी आहे. दलित पँथरने १९७२ साली नावापासून त्यांच्याशी नाते जोडले. त्यांचे काव्य आपण वाचले. पण त्यांनी छायाचित्राचा विचार किती गांभीर्याने केला, तिकडे आपले फारसे लक्ष गेले नाही.

फ्रेडरिक डग्लस १८३८ साली गुलामीतून पळाला. एकोणिसाव्या शतकात ज्याची सर्वांत जास्त छायाचित्रे निघाली असा अमेरिकन माणूस तोच, असे अभ्यासक सांगतात. ती सुमारे १६० आहेत. हा योगायोग नव्हता. काळ्या माणसाची व्यंगचित्रे काढून त्याला माकड ठरवणाऱ्या समाजाला त्याचा खरा चेहरा दाखवण्याचे साधन म्हणून त्याने छायाचित्राकडे पाहिले आणि त्यावर व्याख्याने दिली. ही आपली स्टुडिओची, मानाची पायरी. दुसरी पायरी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांची. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी जॉर्जियातल्या काळ्या लोकांच्या ३६३ छायाचित्रांचे अल्बम मांडले. त्यांत चेहऱ्यांबरोबर घरे होती, दुकाने होती, कुटुंबे होती.

तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रॉय डीकरावा या हार्लेममधल्या छायाचित्रकाराने आपल्या वस्तीतली माणसे वर्षानुवर्षे टिपली. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी त्या छायाचित्रांना एका काल्पनिक आजीच्या तोंडची गोष्ट जोडली आणि १९५५ साली ‘द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ’ हे हातात मावेल एवढे पुस्तक निघाले. त्यात प्रेत नाही. स्वयंपाकघर आहे, पोराला जवळ घेतलेला बाप आहे, कामावरून परतणारी माणसे आहेत. १९५५ म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना बसमध्ये मागे बसवण्याचा काळ. त्या काळात एका काळ्या आजीने आपल्या घरातल्या माणसांविषयी मायेने बोलत राहावे, यातच त्या पुस्तकाचे बळ आहे. पुढे बेल हुक्स या लेखिकेने १९९५ च्या आपल्या लेखसंग्रहात काळ्यांच्या घरातल्या छायाचित्रांनी भरलेल्या भिंतींविषयी लिहिले. गोऱ्यांची संग्रहालये ज्यांना दारात उभे करत नव्हती त्यांनी आपल्या घराच्या भिंतीचेच संग्रहालय केले, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. आमच्या भिंतीकडे आम्ही असे कधी पाहिले आहे काय?

६

आता साधेपणाविषयी. ‘साधे छायाचित्र’ म्हटले की कसेतरी काढलेले छायाचित्र असा अर्थ घेतला जातो. वस्तुतः साधेपणा म्हणजे मधल्या गोष्टी दूर करणे. समोरच्या माणसाने आपले काम थांबवू नये, हसून दाखवू नये, पदर सावरून बसू नये, आणि काढणाऱ्यानेही आपली कला दाखवू नये. दिवसातून एक छायाचित्र, घरातल्या माणसाने घरातल्या माणसाचे काढलेले, एवढीच ही पद्धत. तिला महागडा कॅमेरा लागत नाही. तिला घरातल्या माणसाकडे रोज एकदा नीट पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा दुर्मीळ आहे.

बराकीतल्या किंवा चाळीतल्या एका खोलीत उजेड बहुधा एकाच दारातून येतो. नवशिका माणूस दाराकडे तोंड करून छायाचित्र काढतो. मागचा उजेड प्रखर पडतो आणि चेहरा काळा ठिक्कर उमटतो. दाराकडे पाठ करून, थोडे बाजूला उभे राहिले की तोच उजेड चेहऱ्यावर येतो. फ्लॅश लावू नये. तो खोलीतली खोली मारतो. जवळ जावे. हात येऊ द्यावेत, कारण आमच्या लोकांचे अर्धे चरित्र हातांत असते. मागे जे आहे ते राहू द्यावे. पिंप, मिक्सर, दोरीवरचे कपडे, दूरचित्रवाणी संच आणि त्याच्या वर बाबासाहेबांची तसबीर. ही तसबीर छायाचित्राचा विषय म्हणून न येता अशी मागे, घरातल्या वडीलधाऱ्यासारखी येते, तेव्हा ती या घरात काय आहे हे अधिक खरेपणाने कळते.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहिले पाहिजे. मोबाइलमध्ये चेहरा ‘सुंदर’ करण्याची सोय असते आणि सुंदर करणे म्हणजे उजळ करणे, असे त्या यंत्राला शिकवलेले असते. हे नवे नाही. रंगीत छायाचित्रांची छपाई जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचे छायाचित्र असलेले ‘शर्ली कार्ड’ पुरवीत असे. गोरी त्वचा नीट उतरली की रंग नीट उतरले, असे गृहीत होते. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे तपशील त्यात बुडून गेले. आमच्या स्टुडिओवाल्यांनीही ब्रश फिरवून लग्नातल्या किती नवऱ्या गोऱ्या केल्या त्याची गणती नाही. आता ते काम आपली मुले आपल्याच बोटाने करतात. जन्माने मिळालेल्या रंगाची लाज बाळगायला लावणारी जी दृष्टी, तिचे जातीशी असलेले नाते वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ती सोय बंद ठेवणे हा साधेपणाचा पहिला नियम समजावा.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. दारिद्र्य सुंदर करून दाखवण्याची एक खोड शहरी छायाचित्रकलेला जडली आहे. सुरकुत्या, धूर, फाटके गोणपाट, तेही काळ्यापांढऱ्यात. प्रदर्शनात त्याला दाद मिळते. आपल्या मुलांनीही छायाचित्रण शिकताना हेच शिकून आपल्या आजीकडे परक्याच्या नजरेने पाहायला लागू नये. आजी सुरकुत्यांसाठी बसलेली नसते. ती लसूण सोलत असते आणि मालिका पाहत असते.

तिसरी गोष्ट स्त्रीची. घरातला मोबाइल बहुतेक वेळा पुरुषाच्या किंवा मुलाच्या हातात असतो. त्यामुळे आईचे छायाचित्र निघाले तरी आईने काढलेले छायाचित्र निघत नाही. ज्या आत्मकथनांचा सुरुवातीला उल्लेख केला त्यांतली दोन बायकांची आहेत. पुरुषांच्या लेखनात जे घर दिसले नव्हते ते त्यांत दिसले. छायाचित्रातही तेच होईल. आईच्या हातात मोबाइल द्या. तिला नवरा कसा दिसतो, मुलगा कसा दिसतो, ओटा कसा दिसतो, ते पाहू द्या. आणि ज्याचे छायाचित्र काढायचे त्याला नाही म्हणण्याचा अधिकार घरातही असतो, हे विसरता कामा नये. रोजचे छायाचित्र चारचौघांत फिरवण्यासाठी नसते; ते आधी घराचे असते.

आणखी एक मर्यादा येथल्या माणसांना ठाऊक आहे. आयुध कारखान्याच्या फाटकाआत छायाचित्राला मनाई आहे. इतर कारखान्यांतही मालक ते सहसा काढू देत नाही. म्हणजे येथल्या कामगाराचा दिवसातला मोठा भाग चित्राबाहेरच राहणार. मग उरलेल्या भागाला अधिकच मोल येते. कामावर निघण्याआधीचे बूट, परतल्यावरचे पाय, धुवायला टाकलेला गणवेश. कारखाना यांतूनही दिसतो.

७

छायाचित्र काढणे हे अर्धेच काम. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचे आणि वालधुनीचे पाणी या भागातल्या घराघरांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना सोडवतानाची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. त्याच पाण्याने बदलापूरच्या सखल भागातल्या घरांतले गहू, तांदूळ, गाद्या आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातले अल्बम भिजवले. भांडी पुन्हा घेता येतात. आजोबांचे एकुलते एक छायाचित्र पुन्हा घेता येत नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. कागदी छायाचित्रावरचा थर जिलेटिनचा असतो. भिजला की तो फुगतो आणि शेजारच्या कागदाला किंवा काचेला चिकटतो. वाळू दिल्यावर ओढून काढला तर चेहराच निघून येतो. भिजलेली छायाचित्रे वाळण्याआधी स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटी करावीत आणि चेहरा वर करून सावलीत पसरावीत. दोन दिवसांच्या आत हे झाले नाही तर बुरशी धरते. जुनी छायाचित्रे आजच मोबाइलने सरळ वरून, काचेची चमक टाळून, टिपून ठेवावीत आणि ती दोन वेगळ्या घरांत ठेवावीत. मोबाइलमधल्या हजारो छायाचित्रांचा भरवसा नाही. यंत्र बिघडले की सारे जाते. दर महिन्याला चार निवडावीत, कागदावर छापून घ्यावीत आणि उंचावर ठेवावीत. मागे शिसपेन्सिलीने तारीख, जागा आणि नाव लिहावे. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर पाकिटावर लिहावे.

नाव लिहिण्याविषयी माझा आग्रह आहे. जॉन्सनच्या खंडांतल्या माणसांखाली जात लिहिलेली असते. आमच्या अल्बममध्ये मागे लिहिलेच तर ‘आई’, ‘मावशी’, ‘अमक्याची बायको’ असे लिहिलेले असते. दोन पिढ्यांनंतर ती कोणाची आई हे सांगणारे कोणी उरत नाही आणि ती बाई पुन्हा नमुना होते. तिचे पूर्ण नाव, माहेरचे गाव, ती काय काम करते, हे लिहिले की छायाचित्र दस्तऐवज होतो. ज्यांच्या पूर्वजांना इतिहासाने नोंदवले नाही त्यांनी निदान आपल्या घरातली नोंद आपल्या हाताने करावी.

हे काम एकेकट्याने सुरू होईल, पण तेथे थांबू नये. शिक्षकांनी मुलांना एक गृहपाठ द्यावा. तुमच्या घरात सर्वांत आधी जो उठतो त्याचे पहिले काम टिपून आणा आणि खाली पाच ओळी लिहा. विद्यार्थ्यांनी वसतिगृहातला आपला दिवस टिपावा, कारण तो दिवस मिळवण्यासाठी एका पिढीने किंमत मोजली आहे. कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या विहारात, घरच्यांची संमती घेऊन, दर तीन महिन्यांनी दोरीला चिमटे लावून अशी छायाचित्रे टांगावीत. पहिल्या वेळी लोक म्हणतील, यात काय पाहायचे, हे तर आम्ही रोजच बघतो. दुसऱ्या वेळी ती नसतील तर विचारतील. ज्या घराला नमुना, पुरावा आणि बातमी म्हणून शंभर-दीडशे वर्षे पाहिले गेले, त्या घराने स्वतःकडे घर म्हणून पाहायला लागण्यासाठी एवढे पुरेसे आहे. खैरलांजीसारखे पुन्हा कोठे घडू नये यासाठी लढायचेच आहे. पण लढताना आपली माणसे जिवंतपणी कशी दिसत होती हे आपल्याजवळ असले पाहिजे.